दुसऱ्या भागाबद्दल

नचिकेत म्हणतो, सातवाच.
अंबडच्या कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत,
डब्याचं झाकण आपटून म्हणतो:
सातव्यात बाजारातल्या प्रत्येक माणसाला घर आहे,
दिवे लागले की तो खरंच उठून घरी जातो.
आपल्या सुपरवायझरपेक्षा बरा, मी म्हणतो.

पाचव्याला माझा मान आहे.
त्यात लढाई थांबत नाही, विचाराला सवड नाही,
तेविसाव्या वर्षी तेच हवं होतं.
चौथा नुसता भरणा. साठ तास खेळलो,
आठवतो एक पूल
आणि पुलावर टोल घेणारी बकरी.
तिसऱ्याचं संगीत. फक्त संगीत.
सहावा अर्ध्यात सोडला,
त्यात त्याचा दोष नाही, रात्रपाळी होती.
पहिला मी पाहिलेलाच नाही, उगाच बोलत नाही.

आणि दुसरा?
दुसरा सगळेच तळाला टाकतात.
मी सोडून.

पवननगरला वाळूभाऊ गांगुर्डेंचा गाळा होता.
सातपूरच्या कंपनीने हिशेब करून घरी बसवलं,
त्या हिशेबातून त्यांनी घेतले दोन टीव्ही,
चार स्टुलं,
आणि पाच मिनिटं पुढे पळणारं एक घड्याळ.
तासाला दहा रुपये.
दुसऱ्या भागाची सीडी कुठल्याशा चोरट्या मालातली,
सगळी जपानीत.
आम्ही सहावीतली पोरं विचारायचो,
वाळूभाऊ, काय म्हणतोय तो होडीवाला?
ते अडकित्त्यावरची नजर न काढता:
“म्हणतोय, बाई, बसायचं तर बस,
होडी परत फिरणार नाही.”

होडीवाला तिचा बाप आहे, हे त्यांनीच सांगितलं.
पहिल्याच दिवशी त्याने तिला चपलांवरून ओळखलं,
पण बोलता येत नाही,
मालकाने तसं लिहून घेतलंय.
आणि राक्षस?
“ते रोजंदारीवरचे. मारा,
पण शिव्या देऊ नका.”

शेवटच्या दारापाशी सीडी अडकायची.
दर वेळी. शर्टाने पुसून, उलटी फुंकून, तरीही.

गेल्या वर्षी दुसरा भाग नव्याने आला, इंग्रजीत.
थंडीचे दिवस, बायको झोपलेली, आवाज बारीक.
मुलगी बापाला शोधतच नाही,
एका निळ्या खड्याला शोधते.
आणि होडीवाला विचारतो:
औषध घेणार का?
बावीस वर्षं तो एवढंच विचारत होता.
औषध घेणार का.
दार उघडलं, खडा मिळाला, नावं वर सरकत गेली.
मी रिमोट शोधत बसलो.

आमच्या गच्चीवरून पांडवलेणी दिसतात.
आत भिंतीवर कोरलंय
कुणी भिक्खूंना शेत दिलं, कुणी पाण्याचं टाकं खोदलं.
ती अक्षरं कुणाला लागली नाहीत,
तेव्हा लोकांनी आत पांडव आणून बसवले.
भीमाचं अंथरूण कुठलं, तेही दाखवतात.
खालची कोरीव अक्षरं खोटी नाहीत.
पण रिक्षावाल्याला सांगताना
मी अजून पांडवलेणीच म्हणतो.

परवा वाळूभाऊंना गाठलं.
मुलगा मोबाईलला काच बसवून देतो,
हे मागे स्टुलावर.
म्हटलं, तुम्हाला जपानी यायचं?
“येडा का रे. तुम्ही उठून गेला असता.”
मग बराच वेळ सुपारी.
मग:
“त्या पोरीला कळलं का शेवटी?”

कळलं, म्हणालो.
“कसं?”
चपलांवरून.
त्यांनी मान हलवली.
“चपला आपण आधीच वापरल्यात.
दुसरं काहीतरी सांग.”